चौथं बटण

शेवटचं पान वाचून झालं तेव्हा विसर्गरावांनी पुस्तकातून पत्र काढलं, दोन बोटांनी त्याची घडी दाबली आणि ते पुढच्या पुस्तकाच्या पहिल्या पानात सरकवलं. गेली सहा वर्षं हे असंच चाललं होतं. पत्र आलं तेव्हा वाचत होते त्या पुस्तकात ते खुणेसाठी ठेवलं, एवढंच. दोन दिवसांत उत्तर लिहायचं होतं, म्हणून हाताशी असावं. मग ते पुस्तक संपलं. पत्र दुसऱ्यात गेलं, तिसऱ्यात गेलं. रोज नजरेसमोर राहावं म्हणून ठेवलेलं पत्र रोज समोर राहूनच दिसेनासं झालं. फक्त पुस्तक बदलताना, दोन-सव्वादोन महिन्यांतून एकदा, ते दिसत असे आणि त्या दिवशी विसर्गरावांना जेवण जात नसे.

“कितवं हे?” ताईंनी विचारलं. त्या खिडकीत बसून चष्मा पुसत होत्या.

“काय कितवं?”

“पुस्तक. त्या बाईचं पत्र किती पुस्तकं हिंडलं आत्तापर्यंत?”

“हे एकतिसावं.”

“म्हणजे माझ्यापेक्षा जास्त वाचन झालं की तिचं.”

ताई त्यांच्याहून तीन वर्षांनी मोठ्या. डोळ्यांच्या इस्पितळात चौतीस वर्षं परिचारिका होत्या. यजमान गेल्यावर धाकट्या, अविवाहित भावाकडे चार दिवस म्हणून राहायला आल्या, त्याला आता नऊ वर्षं होत आली होती. विसर्गराव हे अर्थात भावाचं खरं नाव नव्हे. ते आकाश सर्वेक्षणाच्या कचेरीत सूचीकार होते. सर्वेक्षणाची दुर्बीण तिथून पुष्कळ लांब एका डोंगरावर एकटीच राहत असे. अंधार पडला की ती आपण होऊन छप्पर उघडी, ठरलेल्या क्रमाने आकाशाचे तुकडे टिपत जाई आणि उजाडता उजाडता पुन्हा झाकून घेई. कचेरीत सकाळी पोचत त्या नोंदी: कोणता तारा किती तेजस्वी होता. ज्यांचं तेज कमीजास्त होतं ते रूपविकारी तारे. यंत्र त्यांचे प्रकार पाडी. हा तारा फुगतो आणि आकसतो, हा मधूनच भडकतो, ही जोडी आहे आणि एक दुसऱ्याला झाकतो. यंत्राला जिथे खात्री नसे तो आलेख विसर्गरावांच्या टेबलावर येई.

तेही खात्री देत नसत. प्रकार लिहीत आणि पुढे दोन ठिपके देत. सूचीच्या भाषेत त्या दोन ठिपक्यांचा अर्थ, बहुधा असं असावं, पण नक्की सांगता येत नाही. इतर सूचीकार शंभरात पाच-सात ठिकाणी ठिपके देत. यांच्या शंभरात नव्वद ठिकाणी असत. हा माणूस प्रत्येक शब्दाला विसर्ग लावतो, असं कुणीतरी म्हणालं आणि ते नाव चिकटलं. खुद्द त्यांनाही ते पटलं होतं. बहुधा.

“आज लिहून टाक ना,” ताई म्हणाल्या. “दोन ओळींचं काम.”

“कोणत्या दोन ओळी, तेच तर. तारा स्थिर आहे म्हणून लिहिलं तर तिच्या डॉक्टरांचं खरं झालं. बदलत असेलही म्हणून लिहिलं तर उगाच आशा लावल्यासारखं.”

“आणि काहीच नाही लिहिलं तर?”

विसर्गराव उठले आणि स्वयंपाकघरात जाऊन रिकामं भांडं विसळत राहिले.

पत्र त्यांना पाठ होतं. बारीक, उभट अक्षर, ओळी मात्र शेवटी खाली उतरलेल्या.

‘साहेब, मी कपडे शिवते. भावाची जुनी दुर्बीण घरात पडून होती, ती गच्चीत लावून बघायचा नाद लागला. मुलीने तिच्या कचेरीतून तुमची यादी छापून आणून दिली. त्यात मी मागे लिहिलेल्या क्रमांकाचा तारा आहे. तिथे चार तारे एका ओळीत आहेत, सदऱ्याच्या बटणांसारखे, त्यातलं हे चौथं बटण. तुमची यादी म्हणते, स्थिर. पण मला हे बटण मधूनच सैल झालेलं दिसतं. एरवी तिसऱ्याच्या तोडीचं असतं आणि एखाद्या रात्री निम्मंच. दुसऱ्या रात्री पुन्हा घट्ट. चार वर्षांत अकरा वेळा पाहिलं, तारखा मागे आहेत. मला काचबिंदू आहे. डॉक्टर म्हणतात, तारे कमीजास्त होत नसतात, तुमची नजर होते. घरचे पण तेच म्हणतात. म्हणून विचारते, मी पाहिलं ते खरं की डोळ्यांचा दोष? दोष असेल तर तसं कळवा, मला राग येणार नाही. तुमचं उत्तर येईपर्यंत वही बंद ठेवते.’

पत्र आलं त्याच दिवशी त्यांनी त्या ताऱ्याच्या सगळ्या नोंदी काढून पाहिल्या होत्या. आलेख इस्त्री फिरवल्यासारखा सपाट. कुठे सुरकुतीसुद्धा नाही. त्यांनी कागद घेतला, ‘आपला तारा’ एवढं लिहिलं आणि पेन खाली ठेवलं. वही बंद ठेवते, या शब्दांशी ते दरवेळी अडत.

सोमवारी ते कचेरीत गेले. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, पण सोमवार आणि गुरुवार त्यांचं टेबल त्यांच्यासाठी राखून ठेवलेलं असे. लांबट खोली, आठ टेबलं, त्यातली सहा रिकामी. ज्या कामाला पूर्वी आठ माणसं लागत ते आता यंत्र करी, आणि यंत्राने केलेलं बरोबर आहे का ते पाहायला दोघं पुरत.

“काका, एक सही हवी होती,” प्रमुखबाई म्हणाल्या. वयाने त्या विसर्गरावांच्या निम्म्या होत्या. नोकरीला लागल्या तेव्हा आलेख वाचायला त्यांनीच शिकवलं होतं, त्यामुळे हुद्दा वाढला तरी काका तेच राहिले.

“कशावर?”

“जुनं यंत्र काढून टाकतोय. त्यातल्या वगळलेल्या नोंदी शुक्रवारी पुसायच्यात. नियम तुमचा, म्हणून कागदावर तुमचंही नाव आहे. आणि हे बघा, इथे नुसती सही करायची. ठिपके द्यायची सोय नाही.”

तो नियम त्यांचाच होता. सर्वेक्षण नुकतंच सुरू झालं होतं तेव्हा एका सकाळी त्यांनी त्रेचाळीस नवे रूपविकारी तारे जाहीर केले होते, एकाच्याही पुढे ठिपके न देता. दुपारी कळलं की त्रेचाळीसच्या त्रेचाळीस तारे म्हणजे एका विरळ ढगाची कड. महिनाभर लोक त्यांना पावसाचा अंदाज विचारत होते. त्यानंतर त्यांनी नियम लिहून दिला: ताऱ्याच्या नेहमीच्या तेजापासून एखादी नोंद फार दूर गेली, तर ती ढग, पाखरू किंवा काचेवर बसलेला पतंग समजून वगळावी. सगळ्यांनी वाखाणला होता नियम. तेव्हापासून यंत्र तो मुकाट्याने पाळत आलं होतं.

विसर्गरावांनी पेन उघडलं. पुस्तक बदललेलं कालच, त्यामुळे तो क्रमांक डोक्यात ताजा होता.

“या नोंदी कधी कुणी उघडून पाहिल्यात?”

“केराची टोपली कोण धुंडाळतं, काका?”

“आजचा दिवस द्याल का मला?”

प्रमुखबाईंनी खांदे उडवले. “शुक्रवारपर्यंत तुमचीच आहे.”

जुनं यंत्र कुरकुरत सुरू झालं. विसर्गरावांनी क्रमांक घातला, एकेक आकडा बोटाने पडताळून. ठेवलेल्या नोंदी सातशेहून जास्त. वगळलेल्या चौदा.

चौदाही नोंदी नेहमीच्या तेजाच्या खाली होत्या. वर एकही नाही. पतंग बसला काय किंवा ढग आला काय, नोंद खालीच जाणार, हे त्यांना माहीत होतं, म्हणून त्यांनी स्वतःला फार हलू दिलं नाही. त्यांनी त्याच रात्रींच्या शेजारच्या तीन ताऱ्यांच्या नोंदी काढल्या, त्या तीन बटणांच्या. तिन्ही ठणठणीत. ढग असता तर तीन तारे सोडून चौथ्यावर कशाला बसता? आणि तेही चौदा वेळा?

त्यांनी कागदावर पेन्सिलने चौदा तारखा लिहिल्या आणि शेजारी शेजारी वजाबाक्या करत गेले. यंत्राला सांगितलं असतं तर निमिषात झालं असतं, पण यंत्राला सांगायचा धीर होईना. चौपन्न दिवस. एकशेआठ. सत्तावीस. एकशेपस्तीस. सगळ्या अंतरांत एकच माप बसत होतं, सत्तावीस दिवस आणि वर बारा मिनिटं. त्या मापाने ते मागे मागे गेले, पत्रातल्या चार वर्षांपर्यंत, आणि तारा कोणकोणत्या रात्री मंद व्हायला हवा होता याची यादी केली. मग पिशवीतल्या पुस्तकातून पत्र काढलं. त्याच्या मागच्या तारखा त्यांनी सहा वर्षांत एकदाही नीट वाचल्या नव्हत्या.

पहिली तारीख जुळली. दुसरी जुळली. तिसरी, चौथी.

पाचवी जुळली नाही. एका दिवसाने पुढे होती. सहावीही. शेवटपर्यंत एकूण सात तारखा, सगळ्या एकेका दिवसाने चुकलेल्या. पहिल्या चार खऱ्या आणि पुढे सगळं बिघडलेलं, जणू तिथपासून नजर गेली. विसर्गरावांनी पेन्सिल कागदाला समांतर ठेवली. चहा आला, गार झाला. डॉक्टरांचं निम्मं खरं होतं म्हणायचं. असं निम्मं खरं पत्रात कसं लिहायचं असतं?

दुपारचे बारा वाजले आणि भिंतीवरच्या घड्याळाखाली लावलेला तारखेचा आकडा टप् करून बदलला.

त्यांनी वर पाहिलं. तीस वर्षं तो आकडा रोज दुपारी बदलताना ते पाहत आले होते. आकाश पाहणाऱ्यांचा दिवस मध्यरात्री बदलत नाही. तो दुपारी बदलतो, म्हणजे एका रात्रीचे दोन तुकडे पडत नाहीत. पण कपडे शिवणाऱ्या बाईच्या घरी असा आकडा कशाला असेल? तिच्या घरी साधी दिनदर्शिका असणार. मध्यरात्र उलटल्यावर पाहिलेल्या ताऱ्यापुढे तिने, कुणीही शहाणा माणूस टाकील तशी, नव्या दिवसाची तारीख टाकली. आणि वर्षागणिक अडीच-तीन तासांनी तारा उशिरा उशिरा मंद होत गेला, तेव्हा पहिल्या चार वेळा मध्यरात्रीच्या आधी आणि पुढच्या सात नंतर, हे तर व्हायलाच हवं होतं.

अकराच्या अकरा.

“काका?” प्रमुखबाई दाराशी उभ्या होत्या. “बरं वाटतंय ना?”

विसर्गरावांनी नुसताच कागद पुढे केला. बाईंनी तो उभ्यानेच वाचला, मग खुर्ची ओढून बसून वाचला.

“जोडतारा आहे,” त्या हळूच म्हणाल्या. “सत्तावीस दिवसांनी एकदा झाकला जातो. आणि आपण तेवढंच नेमकं काढून टाकत होतो.”

“आपण नाही. मी.”

“अशा किती असतील यात?”

“माहीत नाही. पण सही नाही करत मी.”

“मीही नाही करत आता,” प्रमुखबाई म्हणाल्या आणि तो सहीचा कागद घडी घालून त्यांनी टेबलाच्या डुगडुगणाऱ्या पायाखाली सरकवला. “सूचीत शोधकाचं नाव काय घालायचं?”

विसर्गरावांनी पत्राच्या तळाशी असलेल्या सहीवर बोट ठेवलं.

घरी येऊन ते लिहायला बसले ते दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत. नऊ पानं झाली. ताईंनी भाजी चिरता चिरता वाचून दाखवायला सांगितलं. पहिल्या पानावर उशिराबद्दल क्षमा होती. दुसऱ्यावर तिसऱ्यावर नियमाचा इतिहास, ढगासकट. चौथ्यापासून आकडेमोड. सातव्या पानावर ताईंनी सुरी खाली ठेवली.

“तिने काय विचारलं होतं?”

“डोळ्यांचा दोष आहे का, म्हणून.”

“मग ते कुठल्या पानावर येतं?”

विसर्गरावांनी पानं चाळली. “आठव्या. खालच्या बाजूला.”

“आणि तिला होतं काय?”

“काचबिंदू.”

“सहा वर्षांपूर्वी?” ताईंनी हात पदराला पुसले. खालच्या रस्त्यावर कुणीतरी दुकानाचं दार ओढत होतं. “अरे, काचबिंदूने गेलेलं परत येत नाही. औषध नीट चाललं असेल तर राहिलेलं टिकतं. ओळी तेव्हाच खाली उतरत होत्या ना तिच्या? आता हे तिला कुणीतरी वाचून दाखवणार. मुलगी दाखवील, नाहीतर शेजारीण. तुझ्या आकडेमोडीचं तिसरं पान लागलं की तीसुद्धा म्हणेल, आई, राहू दे, उद्या वाचू.”

विसर्गरावांनी नऊ पानं बाजूला ठेवली आणि नवा कागद घेतला. ऐकायचं पत्र त्यांनी कधी लिहिलं नव्हतं. ओळ लिहायची, तोंडाने म्हणून बघायची, खोडायची. रात्रीच्या जेवणापर्यंत एक पान झालं.

“वाच,” ताई म्हणाल्या.

“‘तुम्ही पाहिलं ते खरं होतं. अकराही वेळा. तुमचा तारा म्हणजे जोडतारा आहे.’” ते थांबले.

“थांबलास का?”

“इथे दोन ठिपके आहेत.”

ताईंनी चष्मा लावून कागद जवळ घेतला. “हे होय? हे कसे वाचायचे?”

“ते वाचायचे नसतात. म्हणजे बहुधा असं. तसा पुरावा भक्कम आहे, पण अगदी शंभर टक्के…”

“अरे, ती ऐकणार आहे. ठिपके ऐकू येतात का? तुला शंका असेल तर तोंडाने बोल, बहुधा म्हण. मग ती विचारील, बहुधा म्हणजे किती, आणि मग सहा वर्षांनी तू तिला कळव.”

विसर्गरावांनी कागद परत घेतला. ते वाक्य त्यांनी तोंडातल्या तोंडात दोनदा म्हणून पाहिलं, एकदा बहुधा घालून, एकदा न घालता. मग खोडरबर शोधू लागले. पण पत्र शाईत होतं, तेव्हा त्यांनी अख्खं पान पुन्हा लिहून काढलं.

‘तुम्ही पाहिलं ते खरं होतं. अकराही वेळा. तुमचा तारा म्हणजे जोडतारा आहे. तुम्ही त्याला सैल झालेलं बटण म्हटलंत. ते सैल होत नव्हतं, काजात जात होतं. एक उजळ तारा आणि एक मंद. दर सत्तावीस दिवसांनी मंद तारा उजळाच्या पुढून जातो. आमच्या यंत्रालाही हे चौदा वेळा दिसलं होतं, पण ते चूक समजून टाकून द्यायला मी त्याला शिकवलं होतं. दोष तुमच्या डोळ्यांचा नव्हता, माझ्या नियमाचा होता. यादीत आता तुमचं नाव आहे. वही बंद राहिली याचं मला फार वाईट वाटतं. मधली पुष्कळ वर्षं ते दिवसाउजेडीच घडत होतं, तेव्हा फारसं हुकलं नाही, एवढंच समाधान. आता ते फिरून रात्रीत आलंय. येत्या आठ तारखेला रात्री नऊच्या सुमाराला पाहा. तुम्हाला दिसत नसलं, तर हे पत्र जे कुणी वाचून दाखवतंय त्यांना दुर्बिणीला डोळा लावायला सांगा. तिसऱ्या बटणाशी ताडून बघायचं हे त्यांना तुम्हीच शिकवू शकाल. आणि वहीत लिहून घ्या.’

ताईंनी ऐकून घेतलं आणि नाक पुसलं. “सर्दी झालीये मला,” त्या म्हणाल्या.

तरी विसर्गरावांना स्वस्थता नव्हती. आलेख पाठवायला हवा होता. शब्दांनी कुणीही काहीही सांगतं, आलेख पाहिला की ज्याचं त्याला दिसतं. पण ज्याला दिसत नाही त्याला आलेख पाठवून काय उपयोग, या विचारात त्यांनी दुसरा दिवस घालवला. संध्याकाळी ताई फाटलेल्या उशीला टाके घालत होत्या, सुई कापडातून वर आली की अंगठा फिरवून टाका सरळ आहे ना ते बघत होत्या. कापडाकडे त्या पाहतही नव्हत्या. विसर्गराव बराच वेळ त्या अंगठ्याकडे पाहत बसले.

“ताई, तुझ्याकडे जाड सुई आहे?”

जुन्या फाईलचं पुठ्ठ्याचं झाकण त्यांनी कापलं, त्यावर सगळे सत्तावीस-सत्तावीस दिवस एकावर एक बसवून काढलेला आलेख ठेवला आणि एकेका ठिपक्यावर सुई टोचू लागले. उलट्या बाजूने ठिपका बोटाला लागेल एवढा वर यायचा. सातशे टोचायला घेतले, पण शंभरएक झाल्यावर पुठ्ठाच फाटला.

“काही गाळावे लागणार,” ताई म्हणाल्या.

गाळायचं म्हणताच विसर्गरावांचा हात थांबला. मग त्यांनी दुसरं झाकण घेतलं. या वेळी गाळले ते सपाटातले. दहात एक ठेवला, सारखं अंतर सोडून. चौदा मात्र चौदाच्या चौदा टोचले. ताईंनी अंगुस्तान देऊ केलं तरी तर्जनीला भोक पडलंच.

“पण मागच्या बाजूने आलेख उलटा होणार की,” ते एकदम म्हणाले. “डावं उजवीकडे जाईल.”

“मग?”

त्यांनी आलेखाकडे पाहिलं. तारा जेवढा सावकाश मंद होत होता तेवढाच सावकाश उजळत होता. “मग काही नाही. दोन्हीकडून सारखाच आहे.”

ताईंनी चष्मा काढला, डोळे मिटले आणि पुठ्ठा मांडीवर घेतला. अंगठा कडेपासून निघाला. “सपाट,” त्या म्हणाल्या. “सपाट. सपाटच आहे रे. अजून सपाट.” मग अंगठा अडखळला, खाली वळला, तळाशी गेला आणि हळूहळू पलीकडून वर आला. त्यांनी डोळे उघडले नाहीत. पुन्हा एकदा तिथूनच अंगठा फिरवला.

“हं,” त्या म्हणाल्या. “गेलं काजात.”

शुक्रवारी सकाळी टपाल कचेरीत नऊ माणसांची रांग होती. विसर्गराव तिच्यात दोनदा उभे राहिले, कारण एकदा पाळी जवळ आली तेव्हा पाकिटावरचा पत्ता ताडून बघायला ते बाजूला झाले. खिडकीतल्या कारकुनाने पाकीट तराजूवर टाकलं आणि शिक्का उचलला.

“जरा,” विसर्गराव म्हणाले. “जरा हळू मारता का शिक्का? आत ठिपके आहेत. चेपतील.”

“फुटायचं काही आहे का?”

“नाही. नुसते ठिपके.”

कारकुनाने त्यांच्याकडे आणि मग पाकिटाकडे पाहिलं. पाकीट फिरवून त्याने कोपऱ्यावर, जिथे आत काही नव्हतं तिथे, शिक्का नुसता टेकवला. “रजिस्टर ना? पोचपावती हवी का? त्यांची सही होऊन कार्ड तुम्हाला परत येतं.”

हे विसर्गरावांच्या डोक्यात आलं नव्हतं. पत्र टाकायचं, इथपर्यंत ते आले होते. सहा वर्षांनी त्या दारात कोण उभं असेल, दार उघडलं तरी जाईल का, हे त्यांनी आठवडाभर मनाच्या कडेला ठेवलं होतं. कार्ड परत येणार म्हणजे ते कळणार. सही होऊन येईल, किंवा कोरं येईल.

“त्यांना…” ते म्हणाले. “त्यांना सही करता आली नाही तर?”

“अंगठा चालतो, आजोबा.”

मागे कुणीतरी घसा खाकरला. विसर्गरावांनी खिडकीला दोरीने बांधलेलं पेन ओढून घेतलं.

“द्या,” ते म्हणाले.

कारकुनाने पिवळं कार्ड सरकवलं. परत कुठे पाठवायचं त्या चौकोनात त्यांनी आपलं खरं नाव लिहिलं, खाली पत्ता लिहिला, आणि आणणाऱ्याला शोधावं लागू नये म्हणून मजला आणि दार कोणत्या हाताला हेही लिहिलं. कारकुनाने कार्ड पाकिटाला टाचलं आणि पाकीट मागच्या पिशवीत ठेवलं, सगळ्यात वर.